फ्लॉईडच्या जनरेटरची आमंत्रणं

"हाताने क्लास लिहायला मी काय टायपिस्ट आहे?" असं फ्लॉईड म्हणाला आणि तिथेच सगळं बिनसलं.

म्हणाला तेही थेट हरेश सरांच्या तोंडावर! हरेश सर म्हणजे कंपनीचे मालक. कंपनी सॉफ्टवेअरची, विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, एका फरसाणाच्या दुकानाच्या बरोबर वर. खाली गाठिया तळायला घेतला की वर कुणाचं कामात लक्ष लागत नसे. फ्लॉईडचं तर गाठियाशिवायही लागत नसे. हातातलं काम करण्यापेक्षा ते सोपं कसं करता येईल, याचाच विचार त्याच्या डोक्यात चालू. आळशी नव्हता हो पोरगा! दुपारभराचं काम वाचवायला आठवडाभर राबायची तयारी होती त्याची.

या वेळचं काम होतं मार्सेल अंकलचं. अंकलचा वसईला लग्नाचा हॉल, तोही फ्लॉईडच्याच गावात. हॉलमध्ये बँड सुरू झाला की फ्लॉईडच्या घरातल्या कपबशा थरथरतात, इतका जवळ. अंकलना अ‍ॅप हवं होतं. हॉलचं बुकिंग, जेवण, मंडप, बँड आणि मुख्य म्हणजे आमंत्रणं. यजमानाने पाहुण्याचं नाव निवडायचं, बटण दाबायचं, की पाहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण हजर! आणि त्यासाठी अंकलनी माहिती भरून ठेवली होती ती काय साधीसुधी? अख्खा गाव! कुणाचा मामा कोण, कुणाचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता कोण, कोण कुणाचे व्याही, कोण कुणाची मानलेली बहीण. त्या गावात कुणाचा कुणीच लागत नाही असा माणूस शोधायचा, तर रेल्वे स्टेशनपर्यंत जावं लागतं.

"लग्नात माणसं रुसतात ती नाती विसरल्यामुळे," मार्सेल अंकल म्हणायचे. "जेवण बिघडलं तर महिनाभर बोलतील. नातं विसरलात तर नातवंडांपर्यंत बोलतील!"

आता ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये टेबलांत ठेवलेली असते. माणसांचं एक टेबल, नात्यांचं एक, बुकिंगचं एक, असं. आणि प्रोग्रामला प्रत्येक टेबलाशी व्यवहार करता यावा म्हणून त्या टेबलाचा एक क्लास लिहावा लागतो. काम कंटाळवाणं. तेच ते, फक्त नाव बदलून. म्हणून शहाण्या लोकांनी कोड जनरेटर नावाची सोय काढली. त्याला टेबलं दाखवायची, तो सगळे क्लास स्वतः लिहून देतो. इथपर्यंत सगळं ठीक होतं. हरेश सरसुद्धा म्हणाले, "मग वापर की जनरेटर. जसा आहे तसा वापर."

"जसा आहे तसा?" फ्लॉईडला ते शब्द लागलेच. "सर, तो रेडिमेड शर्ट झाला! मी तो आपल्या मापाचा करून देतो. नुसते क्लास नाही, त्यांना अक्कलसुद्धा घालून देतो. शुक्रवारी अंकलना दाखवायचंय ना? बुधवारी दुपारी मी पाय पसरून बसलेला असेन, बघा!"

"फ्लॉईड, रविवारी तुझा साखरपुडा आहे," सर म्हणाले. "कशाला डोक्याला ताप करून घेतोस? आणि माझ्याही?"

साखरपुड्याचं जरा सांगायला हवं, कारण सगळं अडलं तिथेच.

जीना म्हणजे फ्लॉईडची होणारी बायको. तिचं यापूर्वी एकदा ठरलं होतं. साखरपुड्याला अख्खा गाव जेवून गेला, आणि लग्न तोंडावर आलं असताना त्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर नकार कळवला. दोन ओळी टाकल्या आणि नंबर बंद! त्यानंतर कितीतरी दिवस जीना चर्चमध्ये मिस्साला जायची ती शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत बाहेर पडायची. का, तर बाहेर कुणीतरी गाठून, हात हातात घेऊन, "देव बघतो हो पोरी सगळं," असं म्हणू नये म्हणून. फ्लॉईडला होकार देताना तिने एकच अट घातली. साखरपुडा घरच्या घरी. दोन्हीकडची घरची माणसं, धर्मपिता, धर्ममाता आणि फादर. संपलं.

"गावाला लग्नाच्या वेळी कळेल," ती म्हणाली होती. "त्याआधी मला माझ्या दारात गाव नको. जमत नसेल तर आत्ताच सांग. मी पुन्हा त्यातून जाणार नाही."

"जमेल!" फ्लॉईड म्हणाला होता. जीनाने चंद्रावर राहायला चल म्हटलं असतं तरी तो जमेलच म्हणाला असता. पोरगी त्याला फार आवडत होती आणि तिने हो म्हटलंय यावर अजून त्याचा पुरता विश्वास बसला नव्हता.

तर हा मनुष्य, साखरपुडा रविवारवर आलेला असताना, जनरेटरचा साचा उघडून बसला. साचा म्हणजे ज्यावरून तो क्लास पाडतो तो नमुना. त्यात फ्लॉईडने स्वतःचे नियम घातले. पहिला नियम असा, की एका नोंदीचं जे होईल तेच तिला जोडलेल्या सगळ्या नोंदींचं व्हावं. आणि दुसरा, जे झालं ते संबंधितांना आपोआप कळवावं. बुकिंगवर करून बघितलं. हॉलचं बुकिंग रद्द केलं, तर जेवण आपोआप रद्द, मंडप रद्द, बँड रद्द, आणि सगळ्यांना मेसेज रवाना! सुंदर! फ्लॉईडने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला. शिवाय चक्र गोल गोल फिरत राहू नये म्हणून एक नोंद एकदाच घ्यायची, ही काळजीही त्याने घेतली. मग मोठ्या अभिमानाने त्याने जनरेटर चालवला. सगळ्याच्या सगळ्या टेबलांवर!

आता जनरेटरला बिचाऱ्याला काय कळतंय? बुकिंगला बँड जोडलेला असतो आणि माणसाला व्याही जोडलेला असतो, यात त्याला काही फरक दिसत नाही.

बुधवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर फ्लॉईडने खरंखुरं आमंत्रण पाठवून बघायचं ठरवलं. गॅब्रिएल अंकल त्याचे धर्मपिता. त्यांना रविवारचं आमंत्रण द्यायचंच होतं. म्हणजे चाचणीही झाली आणि कामही झालं! त्याने जीनाचं नाव, स्वतःचं नाव, तारीख भरली, गॅब्रिएल अंकलना निवडलं आणि बटण दाबलं.

'पाठवलं' असं आलं. त्याच्या पुढे एक आकडा होता, तो वाढत होता. बराच वेळ वाढत होता.

"सर, बघा, आकडा कसा मस्त फिरतोय!" फ्लॉईड कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. मम्मी! आग्नेसबाईंचा आवाज मुळातच फोनची गरज नसलेला.

"फ्लॉईड! तू साखरपुडा हॉलमध्ये ठेवलास आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुठल्या हॉलमध्ये? घरीच आहे मम्मी."

"मग बेकरीवाला का विचारतोय की सहकुटुंब म्हणजे सुनेलाही आणू का? अरे, आपल्या शेजाऱ्यांना आलंय, शेजाऱ्यांच्या व्याह्यांना आलंय! ज्यांच्याशी आपण बोलत नाही त्यांनासुद्धा आलंय, आणि ते बोलायला आलेत! बाहेर बसलेत! त्यांना सरबत देऊ की नको?"

फ्लॉईडने घाईघाईने त्या आकड्याकडे बघितलं. त्याने फोन ठेवला तर लगेच दुसरा. पाचूबंदरच्या धोंडूबाई. आग्नेसबाईंना मासळी द्यायच्या, देता देता मानलेली बहीण झाल्या, आणि मार्सेल अंकलनी तेही नातं इमानदारीने नोंदवून ठेवलेलं.

"पोरा, लई बरा वाटला बघ!" धोंडूबाई म्हणाल्या. "कोन आठवन ठेवतो आमची? आमी समदी येतंव. टेम्पोच सांगितलाय. जेवनात काय कमी पडला तर सांग, मावरा घेऊनच येतंव!"

"मावशी, ऐका ना, ते चुकून..."

"चुकून कसा? तुजा नाव हाय, पोरीचा नाव हाय!" आणि धोंडूबाईंनी फोन ठेवला.

तिसरा फोन जीनाचा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली.

"फ्लॉईड, आमच्या ओट्यावर सहा बायका बसल्यात. अभिनंदन करायला."

"जीना, तो जनरेटर आहे ना, त्याचा साचा..."

"मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती."

"मी निस्तरतो! उद्या संध्याकाळपर्यंत सगळी आमंत्रणं मागे! शप्पथ!"

"नाही निस्तरलंस तर रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "खरंच येऊ नकोस."

रात्रभर फ्लॉईड कूस बदलत राहिला. गुरुवारी सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर! माणसांच्या टेबलाचा जो क्लास जनरेटरने बनवला होता तो त्याने उघडला आणि नातेवाईकांना ओढून आणणाऱ्या ओळी हाताने खोडल्या. आता एका माणसाचं जे होईल ते त्याच्यापुरतंच. योजना सरळ होती. एकेकाचं आमंत्रण रद्द करायचं, लगेच त्याला स्वतः फोन करायचा, माफी मागायची, लग्नाला नक्की या म्हणायचं. तोंड दुखेल, पण जीना राहील!

इथे एक गोष्ट राहिली. जनरेटरने बनवलेल्या फाईलला हाताने काही करायचं नसतं, कारण जनरेटर पुन्हा चालवला की तो ती फाईल पुसून नव्याने लिहितो. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तशी सूचनाच असते. 'ही फाईल हाताने बदलू नये.' ही सूचना साच्यात कुणी घातली होती? फ्लॉईडनेच घातली होती!

आणि दुपारी, फ्लॉईड खाली चहाला गेला असताना, मार्सेल अंकलचा हरेश सरांना फोन आला, की पाहुणा व्हेज की नॉनव्हेज ते लिहायलाही जागा हवी. सरांनी टेबलात एक रकाना वाढवला आणि जनरेटर चालवला. कुणाला सांगायचं कारणच काय? मालकच ते!

फ्लॉईड चहा पिऊन, गाठिया खाऊन, ताजातवाना होऊन वर आला. पहिला प्रयोग कुणावर करावा? ज्याला राग येणार नाही अशावर. त्याने मार्सेल अंकलना आधी फोन केला.

"अंकल, तुमचं आमंत्रण जरा रद्द करून बघतो. मेसेज येईल. मनावर घेऊ नका, ट्रायल आहे."

"कर रे बाबा," अंकल म्हणाले. "मी काय रुसणाऱ्यातला नाही."

फ्लॉईडने बटण दाबलं. पुढे आकडा आला. एक. फ्लॉईडने सुटकेचा निःश्वास सोडला. मग दोन. मग आकडा फिरायलाच लागला!

"थांब! थांब रे बाबा, थांब!" फ्लॉईड स्क्रीनवर हात आपटत होता. आकडा कशाला ऐकतोय!

फोनवर मार्सेल अंकल अजून होतेच. "आला हं मेसेज. 'सदर साखरपुडा अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आला आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' भाषा छान आहे, मीच लिहिली होती. थांब, हिलाही आला. व्याह्यांनाही आलाय वाटतं, फोन येतोय त्यांचा. पोरा, पण मोडलं कशाने?"

"मोडलं नाही हो!" फ्लॉईड किंचाळला. "सर! जनरेटरला कुणी हात लावला?"

"हात कसला? एक रकाना वाढवला फक्त," हरेश सर म्हणाले.

"मला विचारायचं तरी!"

"माझ्या कंपनीत मी रकाना वाढवायला तुला विचारू?"

जीनाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद! मग मम्मीचाच आला.

"फ्लॉईड, लाज वाटते मला तुझी!" आग्नेसबाई हुंदके देत होत्या. "काय केलं त्या पोरीने तुझं? आणि सख्ख्या आईला मेसेज पाठवून कळवतोस? क्षमस्व म्हणून?"

"मम्मी, मोडलं नाही! मी मोडलं नाही!"

"लेखी आहे माझ्याकडे!" म्हणून त्यांनी फोन आपटला.

हरेश सरांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि फ्लॉईडला मागे बसवलं. मनवेलपाड्यातून निघाले, पूल ओलांडून पश्चिमेला आले, गावाच्या रस्त्याला लागले. वाटेत दोघांनी एकमेकांना जे ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही. जीनाला पुन्हा तसाच मेसेज गेला असणार, हे आत्ता कुठे फ्लॉईडच्या डोक्यात नीट शिरलं. त्याला रडूच आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

जीनाच्या घरासमोर बघतो तर काय, उभं राहायला जागा नाही! साखरपुड्याला आले नसते इतके लोक साखरपुडा मोडल्यावर आले होते. बायकांनी डबे आणले होते. धोंडूबाई टेम्पोने आल्या होत्या आणि कालवणाचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. "अशा टायमाला घरात कोन रांधतं? म्हनून आनलाय," असं ज्याला त्याला सांगत होत्या. गॅब्रिएल अंकल बाह्या सरसावून फाटकात. फादर आले होते, त्यांनाही मेसेज गेलाच होता. आणि ओट्यावर, मधोमध, जीना. तिचा एक हात एका बाईच्या हातात, दुसरा दुसरीच्या. दोघी एकदमच सांगत होत्या, की देव सगळं बघतो.

"सर, आपण नंतर येऊ," फ्लॉईड पुटपुटला.

हरेश सरांनी स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि किल्ली खिशात घातली. "उतर," ते म्हणाले.

फ्लॉईड उतरला. गर्दी अशी गप्प झाली की धोंडूबाईंच्या पातेल्याचं झाकण हललेलं ऐकू आलं.

"तोंड घेऊन आलास होय रे?" गॅब्रिएल अंकल गरजले. "माझा धर्मपुत्र! पोरीला दुसऱ्यांदा रडवलंत तुम्ही लोकांनी!"

"अंकल, मी काही मोडलेलं नाही! जनरेटर... म्हणजे मी साचा बदलला होता, त्यामुळे एकाचं रद्द केलं की सगळ्यांचं..."

"लाईट गेल्यावर लावतात तो जनरेटर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो नव्हे हो!"

"मग लाईट तर आहे."

"बास!" जीना उठली. दोन्ही बायकांच्या हातांतून हात सोडवून घेतले आणि ओट्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. "फ्लॉईड, एकदाच विचारते. मोडलंस की नाही?"

"नाही. कधीच नाही. मी गाढव आहे, पण मोडलं नाही."

"मग फोन करायचा. इतक्या लोकांत कशाला आलास?"

"तू उचलत नव्हतीस. आणि... हे फोनवर सांगायचं नव्हतं मला. भीती वाटत होती. आत्ताही वाटतेय. गॅब्रिएल अंकल मारतील असं वाटतंय."

"मारणारच आहे," गॅब्रिएल अंकल म्हणाले.

जीना बघत राहिली. फ्लॉईडचा शर्ट घामाने भिजलेला, हेल्मेट अजून डोक्यावरच, आणि त्या काचेआडून हा प्राणी रडत होता. तिला आधी राग आला, मग राग नीट येईना, आणि मग ती एकदम हसली. खूप दिवसांनी गावाने तिला असं हसताना बघितलं.

"तो आलाच नव्हता," ती हळू म्हणाली. कुणाबद्दल ते सगळ्यांना कळलं. मग ती गावाकडे वळली. "मोडलेलं नाही! ऐकलंत सगळ्यांनी? माझं लग्न ह्याच्याशीच आहे!"

गावाला आनंद झाला. म्हणजे झालाच, पण दोन-चार चेहऱ्यांवर थोडी निराशाही दिसली. सांत्वनाची इतकी तयारी करून आलेली माणसं, तीही काय करणार?

"यंत्र बरोबर आहे बघा तुमचं," मार्सेल अंकल हरेश सरांच्या कानाशी लागले. "एकाला बोलावलं की त्याच्या सगळ्यांना बोलवायचं, आम्ही असंच करतो. काढू नका हे. असंच ठेवा!"

"अंगठी कुठे आहे?" जीनाने विचारलं.

"आत्ता?" फ्लॉईड म्हणाला. "रविवारी घरच्या घरी ना?"

"सगळे आलेच आहेत. पुन्हा रविवारी यायला नकोत."

आग्नेसबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि पर्समधून डबी काढली. "मी म्हटलं, आपला मुलगा तसा निघाला तरी पोरीची अंगठी पोरीला देऊन यावी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. फादरांनी तिथेच अंगठीला आशीर्वाद दिला. धोंडूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. हरेश सरांनी पुढे होऊन फ्लॉईडचं हेल्मेट काढलं.

जीनाने हात पुढे केला. फ्लॉईडने तो धरला. सगळा गाव श्वास रोखून बघत होता आणि या खेपेला जीनाला त्याचं काही वाटत नव्हतं. फ्लॉईडने डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि अंगठी घातली.

"अरे, त्या बोटात नाही!" अख्खा गाव एका आवाजात ओरडला. "बाजूच्या बोटात!"

"ऐक त्यांचं," जीना म्हणाली.